मोजणे आणि जाणणे

१९८८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात एन. एस. जोधा या अर्थशास्त्रज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला. राजस्थानातील दोन खेड्यांची पाहणी त्यांनी १९६३ ते १९६६ या काळात केली होती. सुमारे वीस वर्षांनी, १९८२ ते १९८४ या काळात, ते पुन्हा त्याच खेड्यांत गेले. दोन्ही वेळचे आकडे शेजारीशेजारी मांडले असता काही कुटुंबांचे दरडोई खरे उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसून आले. रूढ कसोटीप्रमाणे ही कुटुंबे पूर्वीपेक्षा दरिद्री झाली होती, आणि तेवढे नमूद करून एखादा संशोधक मोकळा झाला असता. जोधांनी मात्र गावकऱ्यांनाच विचारले की, आपली स्थिती सुधारली की बिघडली हे तुम्ही स्वतः कशावरून ओळखता?

गावकऱ्यांनी जी गमके सांगितली ती कोणत्याही छापील प्रश्नावलीत नव्हती. घरातील कोणाला धनिकाकडे बांधील गडी म्हणून राहावे लागते काय. घर धनिकाच्या जागेत आहे काय. पेरणीचे बी आणि अडचणीच्या महिन्यांतील धान्य त्याच्याकडूनच उसने आणावे लागते काय. पिकलेला माल त्याच्यामार्फतच विकावा लागतो काय. टंचाईच्या दिवसांत मोठी माणसे तिसऱ्या वेळचे जेवण टाळतात काय. बायकामुलांच्या पायांत नेहमी जोडे असतात काय. माणसांच्या आणि जनावरांच्या राहण्याची सोय वेगळी आहे काय. अशा एकूण ३८ कसोट्या निघाल्या. ज्या कुटुंबांचे उत्पन्न घटले होते ती यांपैकी ३७ कसोट्यांवर पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याचे आढळले. अपवाद होता तो दुधाचा. दूध विकले जाऊ लागल्यामुळे घरातील माणसांच्या वाट्याला ते कमी येऊ लागले होते.

या निष्कर्षावरून उत्पन्नाचे आकडे खोटे होते, असे कोणी म्हणू नये. आकड्यांना जे विचारले होते त्याचे उत्तर त्यांनी दिले. परंतु गरिबाच्या दृष्टीने गरिबीचा जो सर्वांत जाचक भाग, म्हणजे दुसऱ्याच्या उंबरठ्यावरचे परावलंबन, त्याविषयी त्यांना कोणी विचारलेच नव्हते. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. गावकऱ्यांचे बोलणे जोधांनी केवळ रसाळ अवतरणे म्हणून लेखात पेरले नाही. त्या बोलण्यातून कसोट्या बनवल्या, आणि त्या कसोट्यांना उतरणारी कुटुंबे तेव्हा किती होती व आता किती आहेत, हे मोजले. प्रथम जाणले आणि मग मोजले. सामाजिक शास्त्रांतील संशोधनाला आज ज्या गोष्टीची सर्वाधिक उणीव भासते ती हीच आहे.

दोन गोट

आपल्या विद्यापीठांत संख्यात्मक आणि गुणात्मक या दोन पद्धतींचे जणू दोन गोट पडले आहेत. अर्थशास्त्राचा विद्यार्थी तयार आकडेवारी हाती घेऊन तिच्यावर समीकरणे चालवतो. ती आकडेवारी कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत विचारून गोळा केली याची चौकशी करण्याची त्याला गरज वाटत नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी दहा-वीस मुलाखती घेऊन येतो आणि त्यांतून संपूर्ण समाजाविषयी विधाने करतो. ही दहा-वीस माणसे किती जणांचे प्रतिनिधित्व करतात हा प्रश्न त्याला अरसिकपणाचा वाटतो. पहिला दुसऱ्याच्या लेखनाला कहाण्या म्हणतो, दुसरा पहिल्याच्या लेखनाला आकडेमोड म्हणतो. दोघेही आपापल्या परीक्षकांकडून उत्तीर्ण होतात.

वस्तुतः ही फाळणी आपल्या परंपरेतील नव्हे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचा अंदाज मांडला, आणि दारिद्र्याचा प्रश्न भावनेच्या पातळीवरून हिशोबाच्या पातळीवर आणला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या घरात, त्याच्या कर्जात आणि कचेरीत होणाऱ्या त्याच्या नाडवणुकीत वाचकाला नेले. दादाभाईंच्या आकड्यावाचून फुल्यांच्या चित्राला एका प्रांताची तक्रार म्हणून बाजूला सारता आले असते. आणि फुल्यांच्या चित्रावाचून दादाभाईंचे २० रुपये कोणापर्यंत पोहोचतात व वाटेत कोण ते काढून घेतो, हे कळले नसते. सत्तेला हिशोब विचारण्यासाठी दोहोंची गरज होती, आणि ती आजही संपलेली नाही.

तुकड्यांचा आकडा आणि तुकड्यांचे कारण

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानातील ग्रामपाहणीच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. आज त्या गावाच्या शिवारात उंच इमारती उभ्या आहेत आणि ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग झाले आहे. मान यांना तेथे १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विभागलेली आढळली. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. १७७१ साली सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. हे आकडे पुढे अनेक दशके अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. तुकडे फार झाले हा रोग, आणि तुकडे होऊ न देणे हा इलाज, असे समीकरण रूढ झाले. त्या विचारसरणीतून १९४७ साली मुंबई प्रांताचा तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला आणि जमिनीचे ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवण्यात आले.

कायद्याने तुकडे थांबले काय? कागदावर काही प्रमाणात थांबले, बांधावर थांबले नाहीत. भावाभावांनी आपसांत वाटण्या केल्या आणि सातबाऱ्यावर नाव एकत्र ठेवले. शहरांच्या आसपास गुंठ्यागुंठ्यांनी व्यवहार होत राहिले, आणि ते नियमित करण्यासाठी शासनाला कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या कराव्या लागल्या. असे का झाले याचे उत्तर तुकड्यांच्या संख्येत नाही. ते शेतकऱ्याच्या विचारपद्धतीत आहे. एका भावाला सगळी काळी जमीन आणि दुसऱ्याला सगळा माळ अशी वाटणी कोणत्याही घरात न्याय्य ठरत नाही. विहिरीजवळचा थोडा, ओढ्याकाठचा थोडा, मुरमाड थोडा, असा प्रत्येक प्रतीचा वाटा प्रत्येकाला हवा असतो. शिवाय पावसाचा भरवसा नसलेल्या प्रदेशात एक तुकडा बुडाला तर दुसरा तारतो, हाही हिशोब त्यामागे असतो. बाहेरच्याला जे अज्ञान दिसते ते पुष्कळदा आतल्याचे संरक्षण असते. मान यांचे मोजमाप चोख होते. पण तुकड्यांची संख्या ज्या तत्परतेने धोरणकर्त्यांनी उचलली त्या तत्परतेने तुकड्यांचे कारण विचारले गेले नाही, आणि कायदा निम्म्या ज्ञानावर उभा राहिला.

पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला सुप्रसिद्ध अभ्यास मांडला. रोजच्या २२५० उष्मांकांची गरज धरून १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनी आखली, आणि ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली असल्याचे दाखवून दिले. या अभ्यासाने दारिद्र्याचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेच्या मध्यभागी आणला हे त्याचे मोठेच कार्य आहे. तथापि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा मोजमापावर मूलभूत आक्षेप घेतला. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर त्या चढउताराशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांना ते मान्य झाले नाही. महाराष्ट्रातील दोन थोर संख्यापंडितांमधला हा वाद वर्षानुवर्षे चालला, परंतु बेरीज कोणाची चुकली हा त्याचा विषय कधीच नव्हता. भूक म्हणजे काय, हा त्याचा विषय होता. मोजणीचा निकाल मोजणीपूर्वीच ठरलेल्या अर्थावर किती अवलंबून असतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

शेतातील न दिसणारी कामकरी

हा केवळ पंडितांचा वाद नाही. कोट्यवधी माणसे सरकारच्या हिशोबात धरली जातात की गळतात हे त्यावर ठरते. स्त्रियांच्या कामाचे उदाहरण घ्यावे.

प्रगणक दारात येतो. समोर बहुधा घरातील पुरुष असतो. घरातील बाई काय काम करते असे विचारल्यावर उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’ ती बाई त्या वेळी खुरपणीला गेलेली असते. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. काम म्हणजे ज्याचा दाम मिळतो ते, असाच त्या शब्दाचा अर्थ त्याच्या मनात असतो, आणि अनेकदा तो त्या बाईच्या मनातही असतो. खेड्यांत राहून अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी आणि स्त्री-संघटनांनी ही गफलत पुनःपुन्हा दाखवून दिली, तेव्हा १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात शेतातील वा घरच्या धंद्यातील बिनमोबदल्याचे कामही धरावे, असे शब्द प्रथमच घालण्यात आले. क्षेत्रात राहून मिळवलेल्या जाणिवेने राष्ट्राची मोजणी सुधारली, असा हा प्रसंग आहे.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक प्रश्नावलीत ९२ आणि ९३ असे दोन संकेतांक आहेत. केवळ घरकाम करणारी व्यक्ती ९२ मध्ये पडते. घरकामाबरोबर सरपण, चारा, रानभाजी गोळा करणारी किंवा घरच्यासाठी शिवणकाम-विणकाम करणारी व्यक्ती ९३ मध्ये पडते. दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेर मानले जातात. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत बिनमोबदल्याची घरगुती कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत असल्याचे आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हाच आकडा ९७ मिनिटे होता. म्हणजे जी स्त्री एका पाहणीत ‘काम न करणारी’ ठरते, तीच दुसऱ्या पाहणीत रोज पाच तास राबताना दिसते.

अलीकडची आकडेवारी याहून गुंतागुंतीची आहे. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर गेला. सहा वर्षांत एवढी वाढ ही सामान्य घटना नव्हे. एक पक्ष तिला स्त्रियांच्या प्रगतीची पावती म्हणतो. दुसरा पक्ष या वाढीतील मोठा वाटा ग्रामीण स्वयंरोजगाराचा आणि घरच्या शेतीधंद्यातील बिनवेतन मदतीचा आहे हे दाखवून तिला विपन्नतेची खूण म्हणतो. पूर्वी न नोंदले जाणारे काम आता अधिक दक्षतेने नोंदले जाते, एवढाच तिचा अर्थ आहे, असे तिसरा म्हणतो. तिन्ही अर्थ त्या एकाच टक्केवारीत बसतात. त्यांपैकी कोणता किती खरा, हे टक्केवारी पुन्हा पुन्हा तपासून कळणार नाही. ज्या घरांतील बाई पूर्वी ९२ मध्ये होती आणि आता कामकरी ठरली आहे, अशा घरांत जाऊन विचारावे लागेल की, मधल्या काळात नेमके काय बदलले? नवे काम मिळाले, नवरा शहरात गेल्यामुळे शेत अंगावर पडले, की फक्त प्रश्न विचारणारा बदलला?

याला मालकीची बाजूही जोडली पाहिजे. ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश शेतीत आहेत. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिती खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावर १४ टक्क्यांहून किंचित कमी खाती होती. जी राबते ती कागदावर शेतकरी नाही. त्यामुळे पीककर्ज, विमा, अनुदान अशा ज्या ज्या योजना सातबारा पाहून चालतात त्यांच्या दारातही ती उभी राहू शकत नाही.

विदर्भाचा धडा

व्याख्येची ही किंमत विदर्भाने फार जड हाताने चुकवली आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला साहाय्य देताना शासकीय चौकशीत प्रकरणे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागली जातात. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोठून घेतले होते, वसुलीचा तगादा होता काय, असे प्रश्न त्यासाठी विचारले जातात. प्रशासनाला काही नियम लागतात हे मान्य केले तरी, बापाच्या नावावरची जमीन कसणारा मुलगा, बटाईने शेती करणारा कुळवाडी, सावकाराच्या तोंडी कर्जात बुडालेला कास्तकार आणि शेतकरी म्हणून कधीच न नोंदलेली बाई ही माणसे अशा रकान्यांतून सहज निसटतात. रकाना रिकामा राहिला म्हणजे दुःख नव्हते असा अर्थ होत नाही.

याउलट केवळ शोककथांच्या आधारे बोलण्यातही धोका असतो. वृत्तपत्रांतून एकेका कुटुंबाची हृदयद्रावक हकीकत येते. ती खरी असते, पण तिच्यातून कारण निश्चित होत नाही. कर्ज तर शेजारच्या घरातही असते. मग एका घरी हा अनर्थ घडतो आणि दुसऱ्या घरी टळतो, असे का? मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांनी २००६ साली महाराष्ट्र शासनाला सादर केलेला अहवाल या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यांनी शेतकऱ्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण आकडेवारीने तपासले. त्याचबरोबर वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या घरी जाऊन माहिती घेतली, आणि तेथीलच, पण असा प्रसंग न ओढवलेल्या, कुटुंबांशी तिची तुलना केली. कर्जबाजारीपणा हा सर्वाधिक आढळणारा घटक ठरला. परंतु तो बहुधा एकटा नसतो. घसरलेली पत, नापिकी, घरातील आजारपण, मुलीबहिणींच्या लग्नाची चिंता असे अनेक ताण एकत्र येतात, हेही पुढे आले. शेजारच्या घराशी तुलना करणे ही संख्याशास्त्राची शिस्त आहे, आणि त्या घरात बसून ऐकणे ही क्षेत्रकार्याची शिस्त आहे. दोन्ही पाळल्या म्हणूनच या अहवालाला वजन आले.

एका गावाची मर्यादा

गुणात्मक पद्धतीची भलावण करणाऱ्यांनी तिचे दोष झाकू नयेत. गावात राहिले म्हणजे सत्य आपोआप हाती येते, ही एक समजूत आहे. संशोधक कोणत्या आळीत उतरतो, कोणाच्या घरी जेवतो, पाटलाच्या ओसरीवर बसतो की गावाबाहेरच्या वस्तीत, यावर त्याला काय ऐकू येईल हे ठरते. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली ग्रामविकासावरील आपल्या ग्रंथात शहरी पाहुण्यांच्या अशा पूर्वग्रहांची यादीच दिली आहे. पाहुणे डांबरी सडकेच्या कडेची गावे पाहतात, पावसाळा टाळून जातात, पुढाऱ्यांशी व पुरुषांशी बोलतात, आणि जेथे एखादी योजना चालू आहे तेथेच नेले जातात. चाळीस वर्षांनंतरही हे वर्णन जुने झालेले नाही. त्याशिवाय आपल्या मताला पोषक अशी मुलाखत निवडण्याचा मोह असतोच. शंभर घरे मोजणाऱ्याला विरुद्ध उत्तरेही नोंदवावीच लागतात. पाच घरांशी गप्पा मारणाऱ्याला ती विसरण्याची मुभा मिळते. म्हणून यादृच्छिक नमुना ही कोरडी तांत्रिक बाब नव्हे. ती एक नैतिक शिस्त आहे. आवडते घर नव्हे, तर ज्या घराची चिठ्ठी निघाली त्या घराचे दार ठोठावणे भाग पाडून ती संशोधकाला त्याच्या स्वतःच्या पक्षपातापासून वाचवते.

सांगड कशी घालावी

संयुक्त पद्धती म्हणजे आकड्यांच्या अहवालात दोन चौकटी टाकून त्यांत एखाद्या लाभार्थी महिलेची यशोगाथा छापणे नव्हे. शासकीय आणि स्वयंसेवी अहवालांत ही प्रथा फार बोकाळली आहे. तेथे कहाणी ही आकड्यावरची वेलबुट्टी असते. ती आकड्याला प्रश्न विचारत नाही. सांगड तेव्हाच खरी असते, जेव्हा एक पद्धत दुसरीला दुरुस्त करू शकते.

अशी दुरुस्ती तीन टप्प्यांवर संभवते. पाहणीपूर्वी संशोधकाने काही काळ क्षेत्रात घालवून लोकांचे शब्द समजून घ्यावेत. ‘काम’, ‘घर’, ‘चूल’, ‘कर्ज’, ‘उसनवार’ यांचे अर्थ वऱ्हाडात, कोकणात आणि मराठवाड्यात एकच असतील असे गृहीत धरू नये. पाहणी चालू असताना माहिती घेणारा माणूस परका नसावा. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या संस्थेने १९७५ पासून ज्या खेड्यांचा अभ्यास आरंभला त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा व किनखेडा ही महाराष्ट्रातील गावे होती. तेथे प्रत्येक गावातील ४० कुटुंबे नमुन्यासाठी निवडण्यात आली, आणि ग्रामीण पार्श्वभूमीचे व लोकांची भाषा बोलणारे अन्वेषक गावातच मुक्काम करून वर्षभर पुनःपुन्हा माहिती घेत राहिले. वर्षातून एकदा येऊन ‘गेल्या सालात किती मजुरी मिळाली’ असे विचारणे, आणि दर काही आठवड्यांनी त्याच ओसरीवर बसणे, यांतून येणारे आकडे सारखे असू शकत नाहीत.

तिसरा टप्पा पाहणीनंतरचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. कोष्टकात जे घर बसत नाही, ज्याचा आकडा अपेक्षेच्या विरुद्ध जातो, ते घर चूक म्हणून गाळण्याऐवजी तेथे परत गेले पाहिजे. उत्तर प्रदेशातील पालनपूर या गावाचा अभ्यास १९५७-५८ मध्ये सुरू झाला, आणि पुढे प्रत्येक दशकात अर्थशास्त्रज्ञ तेथे परत गेले. १९८३-८४ मध्ये ज्याँ द्रेझ तेथे मुक्काम करून राहिले होते. एका गावावरून देश कळत नाही हे खरे. परंतु देशाच्या आकड्यांमागची यंत्रणा कशी चालते, जमीन कोणाकडून कोणाकडे जाते, गावाबाहेरच्या मजुरीने गावातील जुने संबंध कसे बदलतात, हे अशा गावातच दिसते. गावाने कारण सुचवावे आणि देशव्यापी पाहणीने ते कोठवर लागू पडते हे सांगावे, अशी ही श्रमविभागणी आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा व वेळाचा. क्षेत्रात राहणे महाग पडते हे खरेच. पण चुकीच्या व्याख्येवर आधारलेली योजना दहा वर्षे चालवणे त्याहून महाग पडते. दुसरा आक्षेप वस्तुनिष्ठतेचा. गुणात्मक माहितीत संशोधकाचे मत मिसळते, असे म्हटले जाते. परंतु दारिद्र्यरेषा कोठे आखावी, ९३ हा संकेतांक श्रमशक्तीच्या आत धरावा की बाहेर, हे ठरवतानाही कोणाचे तरी मत मिसळलेलेच असते. फरक एवढाच की, मुलाखतीतील मत उघड दिसते आणि कोष्टकातील मत दशांश चिन्हाआड लपते.

दारातला प्रश्न

विद्यापीठांना या बाबतीत फार काही नव्याने शोधायचे नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराची पाहणी केली, तेव्हा आकडे हे माणसांकडून येतात याचा त्यांना विसर पडला नव्हता. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका गावात किंवा एका वस्तीत निदान एक हंगाम काढायला लावावे, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला नमुना निवडणे व कोष्टक वाचणे सक्तीने शिकवावे. एवढे केले तरी दोन गोटांमधील भिंत बरीच खाली येईल. प्रबंधांच्या परीक्षकांनीही ‘नमुना किती’ या प्रश्नासोबत ‘कोणाला विचारले, आणि तेव्हा शेजारी कोण बसले होते’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

शासनाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. २०२१ ची जनगणना तेव्हा झाली नाही. २०२७ हे वर्ष धरून व्हावयाच्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, आणि जातींची नोंदही तिच्यात व्हावी असा निर्णय झाला. या मोजणीतून येणाऱ्या आकड्यांवर पुढील अनेक वर्षांच्या योजना, वाटप आणि दावे उभे राहतील. तिच्यासाठी कोणते यंत्र वापरावे याची पुष्कळ चर्चा होते. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, घरातील कोणाला विचारावा, आणि ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न कोणता, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. प्रगणकांच्या प्रशिक्षणातील एक दिवस जरी या पुढच्या प्रश्नासाठी राखून ठेवला, तर तो वाया जाणार नाही. दारात उभा असलेला प्रगणक त्या उत्तरावर समाधान मानून शेजारच्या घरी गेला, तर खुरपणीला गेलेली ती बाई संध्याकाळी घरी परतेल तेव्हा पुढील दहा वर्षांसाठी तिची नोंद ‘काम न करणारी’ अशी झालेली असेल.